आई, समुद्र आणि पडदा : ‘श्यामची आई’पासून ‘कासव’पर्यंत

आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा एका ओळखीच्या गृहस्थांनी आम्हाला गाठून विचारलं, “सिनेमा आणि मनोविश्लेषण? आणि तेही मंडणगडात?” त्यांच्या बोलण्यात थोडी थट्टा होती, पण प्रश्न खरा होता. फ्रॉइड व्हिएन्नाचा, सिनेमा पॅरिसचा, मग मंडणगडचा संबंध काय? आमचं म्हणणं असं की संबंध आहे, आणि तो बराच जवळचा आहे. मराठी सिनेमातलं सगळ्यात गाजलेलं आई-मुलाचं नातं ज्या गावात घडलं ते पालगड इथून जवळच, शेजारच्या दापोली तालुक्यात आहे. आणि अंडी घालून मागे वळून न पाहता समुद्रात निघून जाणारी दुसरी एक आई दर हिवाळ्यात आपल्या तालुक्यात, वेळासच्या किनाऱ्यावर येते. या दोन आयांवर दोन चित्रपट आहेत, आणि दोघांनाही राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळालेला आहे. आज त्या दोघांविषयी बोलू.

पण आधी थोडा इतिहास बघू.

१८९५ हे वर्ष लक्षात ठेवा. त्या वर्षी ब्रॉयर आणि फ्रॉइड यांचं हिस्टेरियावरचं पुस्तक व्हिएन्नात आलं आणि मनोविश्लेषणाची सुरुवात झाली. त्याच वर्षी २८ डिसेंबरला ल्युमिएर बंधूंनी पॅरिसमध्ये तिकीट लावून चित्रपट दाखवला. म्हणजे ही दोन्ही भावंडं एका वयाची. सिनेमा मुंबईला यायलाही फार वेळ लागला नाही. ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात तो दाखवला गेला. मनोविश्लेषणाला भारतात यायला पाव शतक लागलं. १९२२ मध्ये कलकत्त्यात गिरींद्रशेखर बोस यांनी इंडियन सायकोअ‍ॅनालिटिकल सोसायटी स्थापन केली.

स्वतः फ्रॉइडला सिनेमाचं प्रेम नव्हतं. १९२५ मध्ये हॉलिवूडच्या सॅम्युएल गोल्डविनने त्याला एक लाख डॉलर देऊ केले होते, प्रेमकथा लिहायला मदत करा म्हणून. फ्रॉइडने भेटही नाकारली. पुढच्याच वर्षी जर्मनीत पाब्स्ट या दिग्दर्शकाने मनोविश्लेषणावर पहिला मोठा चित्रपट केला. त्याला फ्रॉइडच्याच दोन शिष्यांनी सल्ला दिला, फ्रॉइड मात्र नाराजच राहिला. मनातल्या अमूर्त गोष्टी चित्रात धड दाखवता येणार नाहीत, अशी त्याची शंका होती.

ही शंका किती खरी? आपल्याकडचंच उदाहरण घेऊ. १९३७ चा प्रभातचा ‘कुंकू’. व्ही. शांतारामांचं दिग्दर्शन, ना. ह. आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून. म्हाताऱ्या नवऱ्याशी फसवून लग्न लावलेली नीरा, म्हणजे शांता आपटे, आणि नवरा काकासाहेब, म्हणजे केशवराव दाते. या चित्रपटात शांतारामांनी पार्श्वसंगीत टाळलं. जे ऐकू येतं ते त्या घरातलं, त्या रस्त्यावरचं. त्यामुळे भिंतीवरच्या घड्याळाचे ठोके आपल्या अंगावर येतात. म्हाताऱ्याचं सरत आलेलं वय आणि मुलीचं वाया चाललेलं वय एकाच लंबकावर मोजलं जातं. फुटलेला आरसा येतो तेव्हा नीराच्या मनाचे किती तुकडे झालेत हे कुणाला बोलून दाखवावं लागत नाही. त्या सिनेमात सावत्र मुलीचं काम शकुंतला परांजपे यांनी केलं होतं, म्हणजे आपल्या मुर्डीच्या रँग्लर परांजप्यांची लेक. तेव्हा मन पडद्यावर दाखवता येतं. मात्र ते संवादात कमी असतं. घड्याळ, आरसा, उंबरठा, उजेड, शांतता अशा ठिकाणी ते शोधावं लागतं.

आता पद्धतीविषयी तीन गोष्टी सांगतो आणि मग पुढे जाऊ.

पहिली गोष्ट : आपण पात्राचं विश्लेषण करतो, माणसाचं नाही. श्याम हे पात्र आहे. साने गुरुजी हे माणूस होते. दोघांत फार जवळचं नातं आहे हे कबूल. पण जो माणूस आपल्यासमोर बसलेला नाही, ज्याला आपण उलट प्रश्न विचारू शकत नाही, त्याच्या मनाचं निदान करायचा अधिकार आपल्याला नाही.

दुसरी गोष्ट : कथा काय सांगते आणि चित्र काय सांगतं हे वेगवेगळं बघायचं. कॅमेरा कुणाच्या उंचीवर आहे? मुलाच्या की मोठ्यांच्या? चेहरा जवळून कुणाचा दिसतो? आवाज कुणाचा ऐकू येतो आणि तो माणूस चौकटीत नसतानाही ऐकू येतो का? कुठली वस्तू पुन्हा पुन्हा येते?

तिसरी गोष्ट, आणि ही आपल्याकडे फार विसरली जाते : मनाला पत्ता असतो. ते कुठल्या तरी गावात, कुठल्या तरी काळात, कुठल्या तरी जातीत आणि घरात वाढलेलं असतं. व्हिएन्नाच्या घरातला मुलगा आणि पालगडच्या घरातला मुलगा यांना एकच माप लावून चालत नाही.

ही तिसरी गोष्ट गिरींद्रशेखर बोसांनी फ्रॉइडला सरळ पत्रातून कळवली होती. फ्रॉइडच्या सिद्धान्तात मुलाला आई हवी असते, बापाची धास्ती वाटते, आणि त्या धास्तीतून तो मुकाट्याने वळणावर येतो. बोसांनी लिहिलं की आमच्या भारतीय रुग्णांत बापाची ती धास्ती एवढी दिसत नाही. उलट, आपण बाई व्हावं, आईसारखं व्हावं ही इच्छा पुरुषांत सहज सापडते. फ्रॉइडने हे म्हणणं ऐकून घेतलं, पण आपला सिद्धान्त काही बदलला नाही. १९३१ मध्ये त्याच्या पंचाहत्तरीला कलकत्त्याहून हस्तिदंताची विष्णूमूर्ती भेट गेली. ती त्याने कौतुकाने टेबलावर ठेवली. मूर्ती टेबलावर आली, विचार मात्र बाहेरच राहिला, असं म्हणायला हरकत नाही.

आता बोसांचं हे निरीक्षण मनात ठेवून ‘श्यामची आई’ उघडा. त्यातल्या एका प्रकरणाचं नावच ‘अर्धनारी नटेश्वर’ आहे! पुरुषात बाईची कोमलता आणि बाईत पुरुषाचं धैर्य यायला हवं, असा तिथला विचार आहे. गुरुजी बोसांचं वाचून हे लिहीत नव्हते. पण ज्या मातीत बोसांना ते दिसलं, त्याच मातीत गुरुजींना ते उमगलं.

पुस्तकाचा जन्मही बघण्यासारखा आहे. पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ चा, पालगडचा. आई यशोदाबाई १९१७ मध्ये गेल्या. पुस्तक लिहिलं गेलं फेब्रुवारी १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात, ९ ते १३ तारखेच्या दरम्यान. अवघे पाच दिवस! सोळा वर्षं आत साठलेलं पाच दिवसांत बाहेर आलं. आणि रचना कशी? प्रकरणांना प्रकरण म्हटलेलंच नाही, ‘रात्र’ म्हटलंय. पहिली रात्र, दुसरी रात्र. आश्रमातली मंडळी जमतात, श्याम बोलतो, बाकीचे ऐकतात. मनोविश्लेषणाच्या जन्माच्या वेळी एका रुग्ण तरुणीने या उपचाराला ‘बोलण्याचा उपचार’ असं नाव दिलं होतं. इथे दवाखाना नाही, डॉक्टर नाही, पण उपचाराचा सांगाडा तोच आहे. ठरलेली वेळ आहे, ऐकणारी माणसं आहेत, आणि एकेका आठवणीने मोकळं होत जाणारं मन आहे.

योगायोग असा की ज्या १९१७ साली श्यामची आई गेली, त्याच साली फ्रॉइडचा शोकावरचा प्रसिद्ध निबंध छापून आला. त्यात त्याने दोन प्रकार सांगितले. एक साधा शोक. माणूस जातं, आपण रडतो, हळूहळू मन त्या माणसापासून सुटं होतं आणि पुन्हा जगाकडे वळतं. दुसरा प्रकार खिन्नतेचा. तिथे गेलेलं माणूस आपल्या आतच मुक्काम करतं. आपल्याला त्याच्याविषयी जी तक्रार असेल, जो राग असेल, तो बाहेर काढता येत नाही. मग तो आपल्या स्वतःवरच उलटतो आणि माणूस स्वतःला बोल लावत बसतं. मी कमी पडलो, मी नालायक, माझ्यामुळेच झालं. पुढे फ्रॉइडने मनातल्या या न्यायाधीशाला वेगळं नाव दिलं. मराठीत त्याला ‘पराहं’ म्हणतात. आपण सोप्या भाषेत ‘आतला मास्तर’ म्हणू. (हशा)

श्यामच्या बाबतीत मात्र हा आतला मास्तर नसून आतली आई आहे. हे नीट बघू या, कारण आजच्या बोलण्याचा गाभा इथे आहे.

पोहण्याचा प्रसंग सगळ्यांना ठाऊक आहे. श्याम पाण्याला भितो, लपून बसतो, आई त्याला शोधून काढते, मारते आणि विहिरीवर पाठवते. तो पोहून येतो. मग त्याच्या अंगावरचे वळ बघून तिचेच डोळे भरतात. मुलाला काय मिळालं? भीतीवर मात मिळाली, हे खरंच. पण बरोबर आणखी एक गोष्ट मिळाली. आपण भित्रे निघालो तर आईला लाज वाटेल. आपण मार खाल्ला तर दुःख तिला होतं. म्हणजे रागवायची सोयच राहिली नाही. जी मारते तीच रडते, मग रागवायचं कुणावर?

दुसरा प्रसंग ओल्या पायांचा. अंघोळ झाल्यावर पायाला माती लागू नये म्हणून श्याम हट्ट करतो आणि आई धोंड्यावर आपला पदर पसरते. मग सांगते की पाय जसे जपतोस तसं मनही जप. वात्सल्याचा याहून सुंदर प्रसंग मराठीत शोधावा लागेल. पण एवढ्याशा मुलाच्या पायाखाली पदर पसरून त्याच क्षणी त्याच्या हातात आयुष्यभराचं काम दिलं जातं, तेही बघा. पाय धुता येतात. मन स्वच्छ राहिलं की नाही हे कोण ठरवणार? ते ठरवायला आई कायमची आत येऊन बसते.

आता पडद्याकडे येऊ. आचार्य अत्र्यांचा ‘श्यामची आई’ १९५३ चा. आईच्या भूमिकेत वनमाला, श्यामच्या भूमिकेत माधव वझे, संगीत वसंत देसाईंचं. १९५४ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार पहिल्यांदाच दिले गेले आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रपती सुवर्णपदक याच चित्रपटाला मिळालं. वनमाला त्याआधी ‘सिकंदर’सारख्या भव्य हिंदी चित्रपटाच्या नायिका होत्या. त्यांना साध्या लुगड्यात, कोकणातल्या घराच्या ओटीवर आणून उभं करणं हे अत्र्यांचं धाडस होतं. त्यामुळे ती आई गरीब असूनही प्रेक्षकाला मान वर करून बघावीशी वाटते.

आणि गाणी. द्रौपदीने कृष्णाच्या बोटाच्या जखमेसाठी भरजरी वस्त्र फाडून चिंधी दिली, त्या कथेचं गाणं आशाबाईंच्या आवाजात आहे. आता वस्तूंवर लक्ष ठेवायचं असं आपण ठरवलं होतं ना? मग जोडून बघा. गुरुजींच्या गोष्टीत धोंड्यावर पसरलेला पदर, अत्र्यांच्या गाण्यात फाडलेलं पीतांबर. दोन्हीकडे प्रेम म्हणजे अंगावरचं वस्त्र देणं. या गोष्टीत प्रेम ‘पांघरतं’. जखमेवर, पायाखाली, गरिबीवर पांघरूण घालतं. मानसशास्त्राचा एकही शब्द न वापरता मुलाला काय हवं असतं ते तिथे सांगून झालेलं आहे.

पण इतिहासाची बाजू सोडून चालणार नाही. कोकणातल्या मुलाच्या आयुष्यात आईपासून तुटणं हा अपवाद नव्हता, तो नियम होता. जमीन थोडी, पाऊस उदंड, मग पोटासाठी मुंबई. गिरणीत, गोदीत, घरकामाला, पलटणीत. आपल्या तालुक्यातल्या किती घरांत पिढ्यान् पिढ्या पुरुष म्हणजे गणपतीला आणि शिमग्याला येणारा पाहुणा होता? मनीऑर्डर यायची, माणूस यायचा नाही. श्याम तर शिक्षणासाठी बाहेर पडलेला. दापोली, मग आणखी लांब. आणि शेवटी जेव्हा परततो तेव्हा आई गेलेली असते. भेट होत नाही. आमच्या मते हा चित्रपट बघून मुंबईच्या थिएटरांत जी माणसं हमसून रडली, त्यांतल्या कित्येकांच्या रडण्यात स्वतःची न झालेली शेवटची भेट होती. सुधीर कक्करांनी १९७८ च्या आपल्या पुस्तकात लिहिलं की भारतीय मुलगा बराच काळ आईच्या अगदी जवळ असतो आणि मग अचानक पुरुषांच्या जगात ढकलला जातो. कक्करांनी हे मुख्यतः वरच्या जातींच्या एकत्र कुटुंबांकडे बघून लिहिलं. कोकणात या ढकलण्याला बोट आणि एस.टी. अशी वाहनंही होती, एवढं आपण त्यात भर घालू शकतो.

आता एक अवघड गोष्ट. ११ जून १९५० रोजी साने गुरुजींनी स्वतःचं आयुष्य संपवलं. चित्रपट त्यानंतर तीन वर्षांनी आला. म्हणजे १९५३ चा प्रेक्षक जेव्हा पडद्यावर लहानगा श्याम बघत होता, तेव्हा त्या श्यामचं पुढे काय झालं हे त्याला माहीत होतं. पण चित्रपटगृहात, घरात, शाळेत त्याविषयी कुणी बोललं नाही. आजही बोलत नाही. आम्ही सुरुवातीलाच सांगितलं की माणसाचं निदान करायचं नाही. ते का गेले याचं उत्तर आपण देणार नाही. स्वातंत्र्यानंतरची निराशा, गांधीहत्येचा घाव, बरंच काही लिहिलं गेलं आहे. पण एक प्रश्न आपण पात्राविषयी विचारू शकतो. ज्या मुलाला आपण कधीच कमी पडायचं नाही असं शिकवलं, त्याने थकल्यावर कुठे जायचं? सत्तर वर्षं आपण हा चित्रपट मुलांना संस्कारासाठी दाखवतो. हा प्रश्न मात्र विचारत नाही.

लगेच दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर अन्याय होईल. लाकडांची मोळी पडलेल्या महार म्हातारीला हात दे, असं आई श्यामला सांगते. मात्र नंतर अंघोळ कर, हेही सांगते. तिची करुणा तिच्या काळाच्या पुढे आहे, पण शिवाशिवीची रीत ती मोडत नाही. मुलाने काय केलं? मे १९४७ मध्ये पंढरपूरचं विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून गुरुजींनी प्राणांतिक उपोषण केलं आणि मंदिर उघडायला लावलं. आईची शिकवण घेतली आणि अंघोळीची अट मागे टाकली. मनोविश्लेषणाच्या भाषेत मोठं होणं ते हेच. आतल्या आईला न मारता तिच्या पुढे जाता येतं. म्हणून श्याम हे पात्र म्हणजे नुसतं मातृभक्तीचं ओझं असं आम्ही म्हणत नाही. त्याने त्या ओझ्यातूनच एक दार उघडलं.

आणि दार कुणासाठी उघडलं, हे मंडणगडात वेगळं सांगायला नको. आंबडवे आपल्याच तालुक्यात आहे. त्या घराण्यातल्या भीमरावांची आई भीमाबाई १८९६ मध्ये गेल्या. मूल जेमतेम पाच वर्षांचं. पुढे त्यांना सांभाळलं आत्याने, मीराबाईंनी. म्हणजे बघा, आपण आई-मुलाचं नातं म्हणून एकच चित्र डोळ्यांसमोर आणतो, पण त्याच काळात, याच मुलखाच्या मुळांचं एक मूल आईशिवाय, आत्याच्या मायेत वाढत होतं. माया करणारं माणूस जन्मदातंच असावं लागतं असं नाही.

इथे आपल्याला विनिकॉट नावाचा इंग्रज डॉक्टर उपयोगी पडतो. हा मुळात बालरोगतज्ज्ञ. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडू लागले तेव्हा हजारो मुलं आईवडलांपासून दूर खेड्यांत पाठवली गेली. त्या मुलांबरोबर त्याने काम केलं. त्याचं सांगणं दोन शब्दांत असं : मुलाला परिपूर्ण आई नको असते, ‘पुरेशी चांगली’ आई पुरते. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे कुणीतरी ‘धरून ठेवणारं’ लागतं. धरून ठेवणं म्हणजे आवळणं नव्हे. पोरगं घसरलं तर सावरायला हात जवळ आहे, एवढा भरवसा. तो भरवसा असला की मूल एकटं राहायला शिकतं. तो नसला तर गर्दीतही एकटं पडतं.

आता ‘कासव’कडे येऊ. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा हा चित्रपट. या जोडीने त्याआधी २००४ मध्ये ‘देवराई’ केला होता. त्यात स्किझोफ्रेनिया झालेला शेष, म्हणजे अतुल कुलकर्णी, आणि कोकणातली देवराई यांची गुंफण होती. एप्रिल २०१७ मध्ये ‘कासव’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ जाहीर झालं. त्याच महिन्यात देशात नवा मानसिक आरोग्य कायदा आला. त्याने ठरवलं की जीव देण्याचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं मानायचं. त्याला शिक्षा नाही, उपचार आणि आधार द्यायचा. कायदा आणि कला कधी कधी अशी एका पावलावर येतात.

गोष्ट थोडक्यात अशी. एक तरुण, म्हणजे आलोक राजवाडे, जीव द्यायच्या प्रयत्नातून वाचलेला, वाट फुटेल तिकडे निघतो आणि तापाने रस्त्यात पडतो. जानकी नावाची बाई, इरावती हर्षे, त्याला समुद्राकाठच्या घरी घेऊन येते. ती स्वतः निराशेच्या आजारातून गेलेली आहे. ती त्याची कुणी लागत नाही. घरात यदू आहे, म्हणजे किशोर कदम. कासवांसाठी काम करणारे दत्ताभाऊ आहेत, म्हणजे मोहन आगाशे, जे खऱ्या आयुष्यात मनोविकारतज्ज्ञ आहेत. ही माणसं त्या मुलाला काय देतात? जेवण, निजायला जागा आणि प्रश्न न विचारण्याची सवलत. ‘असं का केलंस?’ हे कुणी उलटून विचारत नाही.

चित्राकडे बघा. ‘श्यामची आई’त आपण माणसांच्या गर्दीत, ओटीवर, माजघरात असतो. ‘कासव’मध्ये चौकट मोकळी होते. समुद्र, वाळू, दाराबाहेरचा उजेड. ‘श्यामची आई’त आई बोलते आणि मुलगा ऐकतो. ‘कासव’मध्ये बाई गप्प राहते आणि मुलगा कधीतरी बोलेल याची वाट बघते. पहिल्या चित्रपटात आवाजातून माया येते, दुसऱ्यात शांततेतून. ‘बोलण्याचा उपचार’ म्हणतो ना आपण, त्याचा अर्धा भाग ऐकण्याचा असतो. तो अर्धा भाग दुसऱ्या चित्रपटात सापडतो.

आणि शीर्षकातलं कासव. चित्रपटातलं गाव कुठलंही असो, आपल्याला वेळास ठाऊक आहे. ऑलिव्ह रिडले मादी रात्री किनाऱ्यावर येते, मागच्या पायांनी खड्डा खणते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू सारखी करते आणि निघून जाते. पिल्लांचं तोंडही बघत नाही. आपल्या मापाने ही निर्दय आई झाली. पण त्या अंड्यांवर पूर्वी कोल्हे, कुत्री आणि माणसं टपलेली असत. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने वेळासच्या लोकांना बरोबर घेऊन घरटी राखायला सुरुवात केली. अंडी कुंपणाच्या आत हलवायची, सात-आठ आठवडे राखण करायची, पिल्लं यायच्या वेळी घरट्यावर टोपली पालथी ठेवायची आणि सकाळ-संध्याकाळ उचलून बघायचं. पिल्लं आली की ती उचलून थेट पाण्यात टाकत नाहीत. वाळूवर सोडतात. ती आपली आपण चालत जातात.

आमच्या मते विनिकॉटचं ‘धरून ठेवणं’ म्हणजे काय हे समजावून सांगायला वेळासच्या टोपलीइतकं चांगलं उदाहरण नाही. संकटात झाकायचं, वेळ झाली की उचलायचं, आणि शेवटची चार हात वाळू त्याला त्याची चालू द्यायची. पदरही पांघरूणच होता आणि टोपलीही पांघरूणच आहे. फरक एवढाच की टोपली वेळेवर उचलली जाते.

आता कुणी म्हणेल, मग तुम्ही श्यामच्या आईला कमी लेखता का? मगाशी चिठ्ठीवर एका शिक्षिकाताईंचा तसा प्रश्नही आला आहे : “आम्ही शाळेत हा चित्रपट दाखवणं बंद करायचं का?” अजिबात नाही. दाखवा. २०२३ मध्ये सुजय डहाके यांनी पुन्हा ‘श्यामची आई’ केला. त्यात ओम भूतकरने मोठेपणीचे गुरुजी उभे केले. तोही दाखवा. जुना आणि नवा शेजारी ठेवला की मुलांना कळतं की लहान श्याम पुढे मोठा होतो, आणि मोठ्या माणसांनाही आईची आठवण येते. फक्त चित्रपट संपल्यावर ‘यातून काय बोध घेतला?’ एवढंच विचारून थांबू नका. ‘श्यामला कधी राग आला असेल का? कधी कंटाळा आला असेल का? आला असेल तर त्याने कुणाला सांगितलं असेल?’ हेही विचारा. मुलं काय उत्तर देतात याची नोंद ठेवा. ती उत्तरं श्यामविषयी कमी असतील आणि त्यांच्या स्वतःविषयी जास्त.

आणखी एक चिठ्ठी आहे. “मानसशास्त्राने असं चिरफाड केल्यावर सिनेमाची मजा जात नाही का?” आम्हालाही पूर्वी तसं वाटायचं. पण अनुभव उलटा आहे. लहानपणी हा चित्रपट बघून आम्ही रडलो ते आई मेली म्हणून. आता बघतो तेव्हा पदर पसरताना तिने मुलाला काय दिलं आणि काय मागितलं हे दोन्ही दिसतं. रडू तेवढंच येतं, पण ते दोघांसाठी येतं.

शेवटी एकच विनंती करतो आणि थांबतो. आपल्या घरांतही थकलेले श्याम आहेत. मुंबईहून परत आलेले, परीक्षेत अडकलेले, नोकरी सुटलेले, ‘मी ठीक आहे’ म्हणून फोन ठेवणारे. त्यांना संस्काराची गोष्ट सांगायची घाई करू नका. आधी जेवायला वाढा, बाजूला बसा. ऐकायला घरात कुणी नसेल तर सरकारची ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवा आहे, क्रमांक १४४१६, दिवसरात्र चालू असते, मराठीतही बोलता येतं. नंबर लिहून घ्या, स्वतःसाठी नको असला तरी.

फेब्रुवारी-मार्चमध्ये पिल्लं यायला लागली की एकदा मुलांना घेऊन वेळासला जाऊन या. टोपली उचलतात तेव्हा आधी पिल्लाकडे नका बघू. उचलणाऱ्याच्या हातांकडे बघा.